खानदेशात जुने गुलाब जमवायचे तर: ओळख, शोध आणि परदेशातून मागवणी

जुन्या गुलाबांचा नाद लागलेला नवा माणूस सगळ्यात आधी परदेशी रोपवाटिकांच्या याद्या उघडतो आणि 'मादाम आर्दी'च्या फोटोपाशी अडकतो. 1832 सालचा पांढराशुभ्र दमास्क गुलाब, पाकळ्यांच्या मधोमध हिरवं बटण. अडकावं असाच आहे तो. पण जळगाव-धुळ्याच्या हवेत त्याच्यावर पैसे घालू नका असंच मी सांगेन. या नादात मागवणी शेवटी येते. आधी हवा बघायची, मग गावातलं शोधायचं, ते ओळखायला शिकायचं आणि एवढं जमल्यावर परदेशाकडे वळायचं. क्रम उलटा झाला की पैसे जातात आणि रोपंही जातात.

जुना कोणाला म्हणायचं तेही आधी ठरवू. गियो नावाच्या फ्रेंच रोपवाटिकाकाराने 1867 साली 'ला फ्रान्स' हा गुलाब आणला आणि तो पहिला हायब्रीड टी, म्हणजे आजच्या मोठ्या फुलांच्या बागगुलाबांच्या वर्गातला पहिला, मानला जातो. त्याआधी जे वर्ग अस्तित्वात होते त्यांतले सगळे गुलाब जुने, असा अमेरिकन रोझ सोसायटीचा निकष आहे आणि बहुतेक संग्राहक तोच वापरतात. यात वय वर्गाचं मोजतात, जातीचं नाही. 'लेडी हिलिंग्डन' 1910 सालची, तरी टी वर्गातली म्हणून जुन्यांत बसते. आजोळच्या अंगणातला पन्नास वर्षांचा लालभडक गुलाब मात्र हायब्रीड टी निघाला तर नव्यांतच मोडतो, मग आजी काहीही म्हणो.

पायरी पहिली: आधी ऊन, मग नाव

जुन्या गुलाबांचे ढोबळ दोन गट करा. गॅलिका, आल्बा, सेंटिफोलिया, मॉस आणि बहुतेक दमास्क हे युरोप-पश्चिम आशियाकडचे. यांतले बहुतेक वर्षातून एकदाच फुलतात आणि त्या एका बहरासाठी त्यांना चांगला लांब, थंड हिवाळा लागतो. आपल्याकडे जानेवारीत काही रात्री पारा दहाच्या खाली जातो खरा, पण दुपारी पुन्हा अठ्ठावीस-तीस होतं. एवढ्या थंडीवर गॅलिकाचं भागत नाही. झुडूप जगलं तर पानं काढतं, फुलाचं नाव घेत नाही, आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंश झाले की पानंही टाकतं.

दुसरा गट पूर्वेकडच्या रक्ताचा. चीनच्या बागांमधले चार गुलाब युरोपात पोहोचले: 1792 मध्ये स्लेटरचा किरमिजी, 1793 मध्ये पार्सन्सचा गुलाबी (यालाच आज 'ओल्ड ब्लश' म्हणतात), 1809 मध्ये ह्यूमचा फिकट आणि 1824 मध्ये पार्क्सचा पिवळा. वर्षभर पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण गुलाबांत मुख्यतः यांच्याकडून आला. टी गुलाबांच्या मुळाशी असलेला जंगली 'रोझा जायगँटिया' तर आपल्या मणिपूरच्या डोंगरांत आणि पलीकडे म्यानमारमध्ये वाढतो. नॉयझेट वर्ग अमेरिकेतल्या चार्ल्सटनच्या दमट उकाड्यात जन्मला. बुर्बाँ हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर, कुंपणाला लावलेल्या दमास्क आणि चायना गुलाबांच्या संकरातून आला. या चारही वर्गांना उष्णता नवी नाही. चायना, टी, नॉयझेट, बुर्बाँ एवढ्यावर खानदेशातल्या माणसाने पहिली दोन-तीन वर्षं समाधान मानावं.

नावंच हवी असतील तर सुरुवातीला ही घ्या. चायनात 'ओल्ड ब्लश', 'क्रामोआझी सुपेरियर' (1832), आणि 'म्यूटाबिलिस', ज्याचं फूल पिवळसर उमलतं, गुलाबी होतं आणि जाताना किरमिजी होऊन जातं. टीमध्ये 'सफ्रानो' (1839), 'दुशेस द ब्राबाँ' (1857), 'लेडी हिलिंग्डन'. चढवायला भिंत असेल तर 'मारेशाल निएल' (1864), लोण्यासारखा पिवळा, मान खाली घालून फुलणारा. जुन्या हिंदुस्थानी बंगल्यांच्या बागांमध्ये हा लाडका होता. बुर्बाँत 'सूवनीर द ला मालमेझाँ' (1843), पण त्याच्या कळ्या पावसात न उमलता सडतात, म्हणून त्याचं फूल दिवाळीनंतरच बघायचं. हायब्रीड पर्पेच्युअल वर्ग मधला आहे. 'पॉल नेराँ' (1869) हिवाळ्यात ताटलीएवढं फूल देतो आणि उन्हाळ्यात तुमच्या संयमाची परीक्षा घेतो.

दमास्कचा हट्टच असेल तर तो परदेशातून आणायचं कारण नाही. अलीगढ-हसायनकडे आणि पुष्करला अत्तर-गुलाबजलासाठी दमास्क शेतात पिकतो आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास बहरतो. लखनौच्या 'सीमॅप' या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेने 'नूरजहाँ' ही निवडही दिली आहे. तिथून आणलेलं रोप आपल्याकडे निदान फुलायची आशा तरी ठेवता येते. तोरणमाळला, साडेतीन हजार फुटांच्या वर, कोणाची जागा असेल तर त्याचं गणित वेगळं. तिथे थोडं धाडस करायला हरकत नाही.

पायरी दुसरी: आपल्याच तालुक्यात शोधा

भुसावळच्या रेल्वे वसाहतीतले जुने बंगले, तालुक्याच्या गावचे डाकबंगले, मिशनची आवारं, जुन्या वाड्यांची परसं, दर्ग्या-देवळांशेजारच्या फुलबागा: जिथे पन्नास-साठ वर्षांत कोणी बाग 'सुधारलेली' नाही अशा जागा बघायच्या. इंग्रजी अमदानीत गुलाबाची रोपं साहेबांच्या बदल्यांबरोबर फिरत. बंगला ओस पडला, माळी गेला, तरी चायना आणि टी गुलाब विहिरीच्या पाझरावर तग धरून राहतात. बर्म्युडा बेटावर असंच झालं. तिथे जुन्या बागांतून आणि स्मशानांतून नाव हरवलेले कितीतरी गुलाब मिळाले, आणि तिथल्या लोकांनी ते जिथे सापडले त्या जागेच्या नावाने जपले.

शोधायला दोन मोसम चांगले. डिसेंबर ते फेब्रुवारी फूल बघायला, आणि मे महिना जिद्द बघायला. मेच्या शेवटच्या आठवड्यात ज्या झुडपाला कोणी पाणी घालत नाही आणि तरी ज्याच्यावर हिरवी पानं आहेत, ते वहीत टिपून ठेवा. त्याचं नाव काहीही निघो, ते आपल्या मातीतलं आहे.

मागण्याची रीत असते. घरात बहुतेक वेळा आजीबाई किंवा काकूच त्या झाडाची मालकीण असतात. आधी झाड कोणी लावलं, कधीपासून आहे, गुलकंदाला वापरता का, हे विचारा आणि बसून ऐका. फांदीचा विषय चहा झाल्यावर. सरकारी बंगला असेल तर माळीदादांशी दोस्ती आणि अधिकाऱ्याची परवानगी, दोन्ही लागतात. माळीदादा हो म्हणाले म्हणून कात्री काढायची नाही. "हाई काय शे भाऊ, गुलाबना फोटो कितला काढतस?" असं कोणी हसून विचारलं तर त्यालाच पुढच्या गल्लीतला गुलाब विचारा. माहिती अशीच मिळते.

काडी पेन्सिलीच्या जाडीची, नुकतंच फूल गळून गेलेली, वीतभर. ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवीवर जागा व तारीख लगेच लिहायची. चायना, टी आणि नॉयझेटचं छाट कलम ऑक्टोबर ते जानेवारीत बऱ्यापैकी लागतं. झाड एकुलतं असेल तर छाटाच्या भरवशावर न राहता पावसाळ्यात गुटीही बांधा, म्हणजे फांदी झाडावरच ठेवून तिला मुळं फोडा. मोठं झुडूप उपटून आणायचा विचारसुद्धा करू नका.

पायरी तिसरी: ओळखायचं कसं

इथे घाई करणारा माणूस हमखास फसतो. मोबाइलमध्ये फोटो टाकला, नाव आलं, पाटी लागली, असं होत नाही. गुलाबाची ओळख फुलावरून कमी आणि बाकीच्या अंगांवरून जास्त होते. फूल ऋतूप्रमाणे बदलतं. आपल्याकडे मे महिन्यात तोच गुलाब अर्ध्या आकाराचा आणि विटका फुलतो, पाकळ्यांची संख्याही घटते. म्हणून फुलाची नोंद थंडीतली, आणि एकच नव्हे तर कळी, अर्धं उमललेलं, पूर्ण उमललेलं आणि जाणारं, अशा चारही अवस्थांची. सोबत पट्टी ठेवून फोटो काढा.

काट्यांपासून सुरू करा. दमास्कवर काटे दाटीने, लहानमोठे मिसळलेले, मध्ये बारीक केसांसारखे. गॅलिकावर खरे काटे थोडे, टोचरी लव जास्त. चायनावर काटे विरळ, बुडाशी रुंद, वाकडे, कोवळेपणी लालसर, आणि फांदी गुळगुळीत. 'झेफिरीन द्रुआँ' (1868) या बुर्बाँला काटे जवळजवळ नसतातच, त्यामुळे तो आंधळ्यालाही ओळखू येतो.

मग पान. एका पानाला पर्णिका, म्हणजे त्यातली छोटी पानं, किती? चायना-टीला तीन ते पाच, क्वचित सात, टोकदार, तुकतुकीत, कोवळी पालवी तांबूस. दमास्क-गॅलिकाचं पान मऊ किंवा खरबरीत, निस्तेज हिरवं. आल्बाचं करडं-निळसर. पानाच्या देठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना चिकटलेले छोटे हिरवे पंख असतात, त्यांना उपपर्णे म्हणतात. ते भिंगाने बघाच. त्यांची कड झालरीसारखी कातरलेली असेल तर झाडात 'रोझा मल्टिफ्लोरा' या जंगली गुलाबाचं रक्त आहे. ही एक खूण शिकलात तर निम्म्या चुका टळतील.

कळीखालच्या पाच हिरव्या पानांवरून, म्हणजे संदलांवरून, युरोपात एक जुनं लॅटिन कोडं आहे: पाच भाऊ, दोघांना दाढी, दोघांना नाही, पाचव्याला एकाच गालावर. कळीची संदले एकमेकांवर ज्या क्रमाने मिटलेली असतात त्यामुळे हे होतं. ज्या कडा बाहेर राहतात त्यांना झालर फुटते, आत दबलेल्यांना फुटत नाही. युरोपी गुलाबांवर हे कोडं ठसठशीत दिसतं, चायनावर संदले बहुतेक साधी, बिनदाढीची. फूल नसलं, नुसती कळी असली तरी एवढ्यावरून झाड कोणत्या बाजूचं आहे याचा अंदाज येतो. संदलांच्या खालचा फुगीर भागही बघा, ज्याचं पुढे फळ होतं. दमास्कमध्ये तो लांबट, नरसाळ्यासारखा असतो. पोर्टलंड या आणखी एका जुन्या वर्गात फुलाची मान इतकी आखूड की फूल पानांच्या बैठकीवर ठेवल्यासारखं दिसतं. मॉस गुलाबाच्या कळीवर चिकट लव असते आणि ती चोळली की राळेसारखा वास बोटांना लागतो.

रंगाची एक युक्ती सांगतो. उन्हात फूल फिकं पडत गेलं तर युरोपी बाजू, गडद होत गेलं तर चायना. खानदेशात ऊन फुकट आहे, दोन दिवसांत निकाल लागतो.

वास सकाळी सात-आठच्या आत घ्यायचा. नंतर आपल्याकडे वास उडून जातो. दमास्कचा वास पाकळीत असतो, पाकळी चुरगाळली तरी राहतो. मस्क गुलाबाचा वास मुख्यतः मधल्या केसरांतून येतो आणि हवेवर तरंगत येतो, नाक जवळ न नेता कळतो. टी गुलाबांना चहापत्तीचा डबा उघडल्यासारखा वास येतो असं म्हणतात. मला तो प्रत्येक वेळी येतोच असं नाही.

आता खानदेशात हमखास भेटणारे तोतये. पहिला तोतया म्हणजे खुंट, ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधतात ते. कलमाचा डोळा, म्हणजे खुंटाच्या सालीत बसवलेला हव्या जातीचा कोंब, कधीच मेलेला असतो आणि खालचा खुंट माजून त्याचं झुडूप झालेलं असतं. बारीक पांढऱ्या-गुलाबी फुलांचे झुबके आणि झालरीची उपपर्णे दिसली तर तो मल्टिफ्लोरा खुंट समजा. तो फेकू नका, पुढे डोळे भरायला कामाला येतो. दुसरा 'ग्रूस आन टेप्लिट्झ', 1897 सालचा, गडद लाल, झुकलेली मान, मसालेदार वास. दक्षिणेत याला 'आंध्रा रेड' म्हणतात, उत्तरेत 'सुर्खा'. तो दुर्मीळ नाही, पण संग्रहात असावाच. उन्हाला इतका चिवट लाल गुलाब दुसरा मिळणं कठीण. तिसरा 'एडवर्ड', म्हणजे रीयुनियनच्या 'रोझ एडुआर'चं आपल्याकडचं नाव. गुलाबी, सुवासिक, हारवाल्यांच्या आणि गुलकंदवाल्यांच्या ओळखीचा. लोक याला 'देशी गुलाब' म्हणून देतात, आणि त्यात चूक तरी काय, इतकी वर्षं तो इथे राहिला आहे. चौथा तोतया सगळ्यात गोड: डेव्हिड ऑस्टिनचे इंग्लिश गुलाब. फूल अगदी जुन्या चित्रातलं, पाकळ्यांचे चार भाग पडलेले, पण पहिला 'कॉन्स्टन्स स्प्राय' आला तोच 1961 साली. फुलाच्या घडणीवरून वय ठरवायचं नाही, ते यासाठी.

वर्षभर नोंदी झाल्या की ताडून बघा. 'हेल्प मी फाइंड' हा गुलाबांचा जागतिक माहितीसाठा यासाठी सगळ्यात उपयोगी, कारण त्यात एका गुलाबाची पाच-सहा नावं एकत्र सापडतात. तरीही खात्री झाली नाही तर नाव ठोकून देऊ नका. जागेवरून कामचलाऊ नाव द्या, 'भुसावळ बंगला गुलाबी' किंवा 'चोपडा पिवळा', आणि ते अवतरणचिन्हांतच लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की ही ओळख पक्की नाही. खोटं नाव एकदा पाच जणांकडे गेलं की ते परत घेता येत नाही.

पायरी चौथी: मागवावं की नाही

मनात धरलेली जात भारतात कोणाकडे आहे का, हे आधी बघा. बंगाल, बंगळूर, पुणे इकडच्या जुन्या रोपवाटिका, इंडियन रोज फेडरेशनशी जोडलेल्या गावोगावच्या रोझ सोसायट्या, आणि त्यांच्या प्रदर्शनांत भेटणारे म्हातारे संग्राहक. या शेवटच्यांकडे जे असतं ते कुठल्याच यादीत नसतं. कोडाईकनालचे विरू आणि गिरिजा वीरराघवन या दांपत्याने तर 'रोझा जायगँटिया' आणि आपलाच पाणथळीतला 'रोझा क्लिनोफिला' वापरून उष्ण हवेसाठी नवे गुलाब घडवले. ते काम वाचाल तर परदेशी यादीचा मोह थोडा कमी होईल.

बियांची पाकिटं विकणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. बियांतून गुलाबाची जात उतरत नाही, प्रत्येक बी वेगळं झाड देतं. 'मारेशाल निएल'चं बी म्हणून जे विकतात, आणि निळ्या गुलाबाचं म्हणून जे विकतात, दोन्ही सारखंच फसवं. आणि परदेशातून येताना बॅगेत ओल्या वर्तमानपत्रात चार काड्या, हे करणारे लोक मला माहीत आहेत. ते करू नका. कायदा तर आहेच, पण एका काडीवरून आलेला रोग पुण्या-नाशिककडच्या हरितगृहांत शिरला तर तो तुमच्या हौसेपुरता राहत नाही. उत्तर अमेरिकेत 'रोझ रोझेट' हा विषाणूरोग डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्यामार्फत पसरतो आणि त्यावर औषध नाही. लाल विकृत फुटवे येतात आणि झुडूप मरतं. मागवणीचा देश निवडताना हे लक्षात असू द्या.

रोपवाटिकेला पत्र लिहाल तेव्हा चार गोष्टी विचारा: जातीची सगळी पर्यायी नावं, मूळ झाड कुठल्या संग्रहातून आलं, रोप स्वतःच्या मुळांवर आहे की कलमी, कलमी असेल तर खुंट कोणता. इंग्लंडमध्ये बहुधा 'लॅक्सा' खुंट वापरतात, तो थंड हवेचा. मिळाल्यास स्वमुळाचं रोप घ्या. मिळालं नाही तर इथे आल्यावर, सरकारी विलगीकरण (त्याबद्दल पुढच्या पायरीत) संपताच, आपल्या खुंटावर डोळे भरून घ्यायचे आहेत हे आधीच धरून चला. पिवळ्या नागमोडी रेषा असलेली पानं हे मोझॅक विषाणूचं लक्षण. तशी झाडं विकली जातात का, हेही सरळ विचारा. चांगली रोपवाटिका रागावत नाही.

पायरी पाचवी: कागद

जिवंत रोपं आणण्याला 'प्लांट क्वारंटाइन ऑर्डर, 2003' लागू होते. मूळ कायदा 1914 चा. अंमलबजावणी केंद्राच्या वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालयाकडे, मुख्यालय फरिदाबादला. आपल्या बाजूचं मोठं केंद्र मुंबईचं. साखळी अशी: तुम्ही आयात परवाना ऑनलाइन मागता, परवान्यात रोपं कोणत्या देशातून, किती, कोणत्या बंदरातून वा विमानतळावरून येणार आणि कोणत्या अटींवर, हे येतं. तो परवाना तुम्ही परदेशी रोपवाटिकेला पाठवता. ती तिच्या देशाच्या सरकारी यंत्रणेकडून रोपं तपासून 'फायटोसॅनिटरी', म्हणजे रोपं रोगकिडींपासून मुक्त असल्याचं, प्रमाणपत्र घेते. परवान्यात ज्या रोगकिडींपासून मुक्त असल्याची जादा घोषणा मागितली असेल ती त्या प्रमाणपत्रात जशीच्या तशी आली पाहिजे. इथेच सगळ्यात जास्त पार्सलं अडकतात. म्हणून प्रमाणपत्राचा मसुदा रोपं निघण्याआधी मागवून परवान्याशी शब्दन् शब्द ताडून बघा.

माती चालत नाही. मुळं धुतलेली, नागडी हवीत; सोबत माती, कंपोस्ट, पालापाचोळ्याचा कणही नको. भाताचा पेंढा भरून पाठवू नका असं स्पष्ट लिहा. लाकडी खोका असेल तर त्यावर प्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का हवा. माल नेमून दिलेल्या प्रवेशस्थानावरच उतरतो, त्यामुळे पाठवणारी कंपनी ठरवण्याआधी क्वारंटाइन केंद्राला विचारा. तपासणीत काही सापडलं तर धुरी, परत पाठवणी किंवा नाश, यांपैकी काय ते अधिकारी ठरवतात. वाद घालून उपयोग नसतो.

आणि मग खरी अडचण: प्रवेशानंतरचं विलगीकरण. लावणीची रोपं थेट घरच्या वाफ्यात जात नाहीत. मान्यता मिळालेल्या बंदिस्त जागेत, ठरवून दिलेल्या मुदतीपर्यंत, नेमलेल्या तपासणी अधिकाऱ्याच्या नजरेखाली वाढवावी लागतात. ती जागा आधी तपासून मंजूर करून घ्यावी लागते. पाच-सहा रोपांसाठी जळगावच्या गच्चीवर हे उभं करणं माझ्या मते वेडेपणा आहे. ज्या रोपवाटिकेकडे अशी मान्य जागा आहे तिला गाठा, दहा-बारा संग्राहकांची मागणी एकत्र करा आणि तिच्याच नावाने परवाना काढू द्या. परवाना दुसऱ्याच्या नावे फिरवता येत नाही. व्यवहार काय तो आधी कागदावर असू द्या: मेलेल्या रोपाचा खर्च कोणाचा, डोळे कोणाला किती. आणि विदेश व्यापार महासंचालनालयाचं गुलाबरोपांबद्दलचं चालू धोरण (मालाचा क्रमांक 0602 40) अर्ज करण्याच्या आठवड्यात बघा, गेल्या वर्षी कोणाला काय लागलं यावर जाऊ नका.

वेळेचं गणित सोपं आहे. उत्तर गोलार्धातल्या रोपवाटिका नागडी रोपं नोव्हेंबर ते मार्चमध्ये काढतात. आपल्याला ती नोव्हेंबर-डिसेंबरात हवीत. त्यासाठी अर्ज पोळ्याच्या आधी गेलेला बरा. फेब्रुवारीनंतरची खेप सरळ नाकारा. ऑस्ट्रेलियातून मागवाल तर रोपं आपल्या भर पावसाळ्यात येतील, कुजायला.

पायरी सहावी: रोपं हातात आल्यावर

विलगीकरणातून सुटलेली रोपं घरी आली की पहिलं काम लावणी नाही, नोंद. पाटी ॲल्युमिनियमच्या मऊ पत्र्याची, बोथट खिळ्याने कोरलेली. मार्करची अक्षरं आपल्या उन्हात एक उन्हाळाही काढत नाहीत. सोबत वाफ्याचा नकाशा वहीत, कारण पाट्या पोरं आणि माकडं नेतात.

काळ्या जमिनीत खड्डा खणून लावू नका. कपाशीला मानवणारी ही माती गुलाबाच्या मुळांशी पावसाळ्यात पाणी धरून बसते. हातभर उंच वाफा, निम्मी पोयट्याची माती, बाकी मुरूम आणि कुजलेलं शेणखत, तळाला निंबोळी पेंड. उधई आपल्याकडे आहेच. माती चुनखडीची, पाणी जड, त्यामुळे कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचं दृश्य दरवर्षी दिसेल. चिलेटेड लोह फवारा, युरिया टाकत बसू नका. ठिबकचं गाव असल्याने पाण्याची सोय सांगायला नको, फक्त पाणी पहाटे द्या आणि नळी आच्छादनाखाली ठेवा. आच्छादनाला केळीची वाळलेली पानं रावेर-यावलकडे फुकट मिळतात.

आपल्याकडे हायब्रीड टीची ऑक्टोबर छाटणी सगळ्यांना पाठ असते. ती टी आणि चायनावर चालवू नका. त्यांचं जुनं लाकूड हेच त्यांचं भांडवल. वाळलेलं आणि आडवं तेवढं काढायचं. डोळा भरायला डिसेंबर-जानेवारी उत्तम. प्रत्येक नव्या जातीचे किमान दोन डोळे दुसऱ्या गावच्या ओळखीच्याकडे भरून ठेवा, धुळ्याचा असेल तर शिरपूरला, जळगावचा असेल तर चाळीसगावला. एका उन्हाळ्यात एक बोअर आटली की अख्खा संग्रह जातो.

आलेलं नाव खरं आहे का हेही तपासायचं असतं, नामवंत रोपवाटिकाही अदलाबदल करतात. त्यासाठी तिसऱ्या पायरीची सगळी तपासणी नव्या रोपावर पुन्हा करा, पण पहिल्या हिवाळ्यातल्या फुलावर निकाल देऊ नका. रोप दोन हिवाळे जाऊ द्या. तोवर मार्च संपताच हिरवी जाळी बांधा, पन्नास टक्क्यांची, पश्चिमेकडून आधी, आणि पहिल्या उन्हाळ्यात येईल ती प्रत्येक कळी खुडून टाका.